मित्राचा एच-इंडेक्स आणि आपली झोप

संशोधनातली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बोलणं झोप, ॲसिडिटी, चिडचिड इथून सुरू होतं आणि थोड्या वेळाने एका आकड्यापाशी येऊन अडतं. ‘माझ्या पेपरना सायटेशन्स (इतरांच्या पेपरमधले उल्लेख) मिळत नाहीत, म्हणजे मीच सुमार आहे का?’

सुहास (नाव, तपशील बदललेत) राहतात डोंबिवलीला, मुंबईतल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ आहेत. खाऱ्या हवेत लोखंड गंजू नये म्हणून द्यायचे लेप हा त्यांचा विषय. प्रमोशनचा फॉर्म भरायचा होता, आणि तो उघडला की छातीत धडधडायचं. पहिल्याच भेटीत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पेपर आणि त्यांची सायटेशन्स दाखवणाऱ्या गुगल स्कॉलर या साइटवर स्वतःचा एच-इंडेक्स 14. शेजारच्या टॅबवर एमएस्सीच्या वर्गमित्राचा, 96.

“एकाच बाकावर बसायचो, मॅडम.”

आकड्यांना काही अर्थ नसतो, असं मी म्हटलं नाही. निवड समिती आकडे बघते, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी एवढंच म्हटलं, हा आकडा निघतो कसा ते मला नीट समजावून सांगा. मी कॉमर्सची.

मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. 14 म्हणजे किमान 14 सायटेशन्स मिळालेले 14 पेपर. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये हे माप सुचवलं, आणि प्रत्येक विषयात हा आकडा वेगळा पडतो हेही त्यानेच तेव्हा लिहून ठेवलं. आकडा वयाबरोबर वाढतो, कमी होत नाही. मित्र सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगात आहे. तिथे हजारो माणसं मिळून एक यंत्र चालवतात आणि पेपरवर सगळ्यांची नावं येतात. 2015 मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर तिथून आलेल्या पेपरला 5,154 लेखक होते. 33 पानांपैकी 24 पानं नुसती नावं आणि संस्था. सुहासच्या पेपरवर चार जण, फार तर पाच.

“म्हणजे तुलना चुकतेय, हे तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं.”

दिवसा माहीत असतं. रात्री दीड वाजता ते उपयोगी पडत नाही. त्यामुळे तुलना कशी चुकीची आहे हे पुन्हा पुन्हा पटवण्यात मी वेळ घालवत नाही. त्या आकड्यापायी माणसाने काय करायचं सोडलंय, ते शोधते.

इथे ते होतं पुण्याच्या एका जुन्या सहकाऱ्याला उत्तर देणं. एका पेपरचा मसुदा त्याच्याकडून येऊन पडला होता. पहिलं नाव कुणाचं यावरून आधी थोडं वाजलं होतं. त्यात सहकाऱ्याची प्रगती जोरात, मग याने कुठल्या तोंडाने लिहायचं? मेल न वाचलेला करून ठेवायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा तसाच ठेवायचा. कॉन्फरन्सला जाणंही बंद. लोकांत मिसळणं थांबलं की नवं काम थांबतं आणि आकडाही तिथेच राहतो. याच काळात पैसे भरून पेपरवर नाव लावून देतो, असा मेसेज त्यांना आला होता. तो त्यांनी डिलीट केला नव्हता. हे सांगताना मान खाली होती. मी त्यावर प्रवचन दिलं नाही; मेसेज त्यांनी तिथेच काढून टाकला.

फॉर्मच्या बाबतीत एक करायला सांगितलं. आकडा मागितलाय तिथे लिहायचा, लपवायचा नाही. त्याखाली तीन पेपर निवडायचे आणि प्रत्येकात आपण स्वतः काय केलं ते चार ओळींत लिहायचं. संशोधन कसं जोखावं यावरचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा 2012 पासून हेच सांगतोय, की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरना सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्यावरून) माणूस जोखू नका, काम वाचा. प्रत्येक समिती ते मानतेच असं नाही, पण वाचायला काही दिलंच नाही तर ती वाचणार काय?

त्या चार ओळी लिहायला त्यांना खूप जड गेलं. ‘आम्ही केलं’ सहज उतरायचं, ‘मी केलं’ लिहिताना पेन अडायचं. तिसऱ्या पेपरपाशी मात्र थांबले. त्याला सायटेशन्स जेमतेम, पण त्यातली लेपाची चाचणी एका रंग कंपनीचा इंजिनिअर वापरत होता. त्याने फोन करून शंका विचारल्या होत्या. फोनची नोंद कुठल्याच इंडेक्समध्ये होत नाही. ती त्यांनी फॉर्ममध्ये लिहिली.

प्रमोशनचं पत्र अजून आलेलं नाही. पुण्याच्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं, यावर दोघांचं अजून चाललंय. आता फोनवर, समोरासमोर बोलल्यासारखं.