इस्रायल–पॅलेस्टाईनमध्ये आंतरराष्ट्रीय कायदा खरंच लागू होतो, की नुसता कागदावरच आहे? आणि भारतात बसून आपण यात काही करू शकतो का?

कागदावरच आहे, पण तो कागद तिथं रोज वापरला जातो. मी कोल्हापुरात दिवाणी दावे चालवतो, त्यातले बरेचसे जमिनीचे. त्यामुळं या सगळ्या भानगडीत मला १९७९ चा एक निकाल सगळ्यात बोलका वाटतो. एलोन मोरे प्रकरण म्हणून तो ओळखला जातो.

१९६७ च्या युद्धात इस्रायलनं वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी मुलूख, ताब्यात घेतली. युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ४९ म्हणतं की व्यापलेल्या मुलखात आपली माणसं नेऊन वसवायची नाहीत. इस्रायल सरकारचं म्हणणं, हा मुलूख आधी कुठल्या मान्यताप्राप्त देशाचा नव्हताच, मग करार लागू कसा? तिथलं सर्वोच्च न्यायालय मात्र युद्ध आणि लष्करी ताब्याविषयीचे १९०७ चे हेग नियम मानत होतं. त्या नियमांचा आधार घेऊन लष्कराच्या गरजेसाठी खासगी जमीन तात्पुरती ताब्यात घेतली जायची.

नाबलूसजवळच्या रुजैब गावची शेतजमीन अशीच घेतली आणि तिथं एलोन मोरे ही ज्यू वसाहत उभी केली. शेतकरी थेट इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकार सुरक्षेचं कारण पुढं करत होतं, आणि वसाहतवाल्यांनी स्वतःच कोर्टाला सांगून टाकलं की आम्ही देवानं दिलेल्या भूमीत कायमचं राहायला आलोय, सुरक्षेचा प्रश्न दुय्यम. वर माजी लष्करप्रमुख हैम बार-लेव्ह यांनी शपथेवर लिहून दिलं की या जागेचा लष्कराला उपयोग नाही. आपल्याच बाजूचे लोक असं बोलल्यावर सरकारी वकिलानं करायचं तरी काय! कोर्टानं जमीन मोकळी करायला सांगितली, आणि ती मोकळी झालीसुद्धा.

पण वसाहती थांबल्या नाहीत. खासगी जमीन घेणं अडचणीचं झालं, तर जमीन ‘सरकारी’ ठरवायची, असा रस्ता निघाला. त्यासाठी १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा बाहेर काढला. सलग तीन वर्षं न कसलेली जमीन सरकारजमा होऊ शकते, अशी तरतूद त्यात होती. त्यात १९६७ आधी जॉर्डनच्या राजवटीत चालू असलेली जमीननोंदणी इस्रायली लष्करी आदेशानं १९६८ मध्येच थांबवलेली, म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांच्या हातात मालकीची पक्की नोंदच नाही. म्हणून ‘तिथं कायदा चालत नाही’ हे मला पटत नाही. नको तितका चालतो.

आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००४ मध्ये जिनिव्हा करार लागू आहे असं स्पष्ट म्हटलं. १९ जुलै २०२४ ला त्याच्याही पुढं जाऊन व्यापलेल्या मुलखातली इस्रायलची उपस्थितीच बेकायदा ठरवली. ही दोन्ही मतं सल्ल्याच्या स्वरूपाची, बंधनकारक नाहीत. पण जे निकाल बंधनकारक असतात त्यांचंही दुखणं आहेच. हुकूमनामा मिळाला आणि दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, बेलीफाअभावी पडून राहिली, असं समजा. अंमलबजावणीसाठी जायचं सुरक्षा परिषदेत, आणि तिथं पाच देशांकडं नकाराधिकार. निकाराग्वा १९८६ मध्ये याच न्यायालयात अमेरिकेविरुद्ध जिंकला, आणि परिषदेत अंमलबजावणीचा ठराव आला तेव्हा अमेरिकेनंच तो हाणून पाडला.

‘त्यांनी आधी केलं’ हा बचाव इथं कुणालाच मिळत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं ओलीस धरले, तो युद्धगुन्हाच, आणि त्यामुळं गाझातल्या नागरिकांचं अन्नपाणी तोडायची मुभा मिळत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा लष्करी प्रमुख मोहम्मद दैफ अशा तिघांवर अटक वॉरंट काढलं. दैफ मेल्याची खात्री झाल्यावर त्याच्याविरुद्धचं प्रकरण बंद झालं. भारत या न्यायालयाचा सदस्य नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवा, अशी याचिका आपल्या सर्वोच्च न्यायालयात आली होती. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत, असं म्हणून ती फेटाळली. त्याच महिन्यात, बारा महिन्यांत ताबा सोडा असं सांगणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १२४ मतांनी मंजूर झाला. भारत तटस्थ राहिला.

एक कायदा मात्र फार लोकांना माहीत नसतो, आमच्यातल्या वकिलांनासुद्धा: भारताचा जिनिव्हा करार अधिनियम, १९६०. कराराचा गंभीर भंग भारताबाहेर झाला असला तरी, करणारा कुठल्याही देशाचा असो, इथं शिक्षा होऊ शकते. फक्त तक्रार सरकारनं किंवा केंद्र सरकारनं ठरवलेल्या अधिकाऱ्यानं करायला हवी. तुम्ही-मी खासगी फिर्याद घेऊन गेलो तर कोर्ट दखल घेणार नाही.