इएनटीसीतून उपग्रहाच्या नियंत्रणाकडे: सुरुवात कुठून करायची?

सोलापूरहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ती इएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए 7.6. अंतराळयानांच्या नियंत्रणावर संशोधन करायची तिची इच्छा आहे. एरोस्पेसची पदवी नसताना हे जमेल का, कंट्रोल निवडावं की कॉम्प्युटिंग, आणि इस्रोशिवाय वाटा आहेत का, असे तिचे प्रश्न आहेत. कॅम्पसला येणाऱ्या आयटी कंपनीची नोकरी सोडू नको, असं बाबा म्हणतात. त्याचं काय करावं, हेही तिने विचारलं आहे.

तुझी शाखा या कामाला अडसर तर नाहीच, उलट सोयीची आहे. सिग्नल प्रोसेसिंग, एम्बेडेड सी, सेन्सरचा गोंगाट हे सगळं तुझ्या हातातलं आहे. कमी पडेल ते गणित. कॉलेजातला कंट्रोलचा विषय रूट लोकस आणि बोडे प्लॉट या आलेखांवर थांबतो, स्टेट-स्पेस (यंत्रणा मॅट्रिक्सने मांडण्याची पद्धत) शेवटच्या युनिटमध्ये घाईत उरकतात. उपग्रहाचं काम तिथूनच पुढे सुरू होतं. त्यामुळे या वर्षी तीन गोष्टी पक्क्या कर: लिनियर अल्जिब्रा, त्रिमितीतलं परिवलन म्हणजे क्वाटर्नियन (दिशा मांडणारा चार आकड्यांचा संच) आणि रोटेशन मॅट्रिक्स, आणि कालमन फिल्टर, म्हणजे गोंगाटी मोजमापांतून खऱ्या स्थितीचा अंदाज काढण्याची पद्धत. तिन्हींचे अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

कंट्रोल की कॉम्प्युटिंग, हे आत्ताच ठरवू नकोस, कारण प्रत्यक्ष यानात या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. जपानचा हितोमी हा क्ष-किरण दुर्बिणीचा उपग्रह 17 फेब्रुवारी 2016 ला सुटला आणि 26 मार्चला गमावला. दिशा बदलल्यानंतर ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या स्टार ट्रॅकरचं मोजमाप मध्येच तुटलं आणि फिरण्याचा वेग मोजणाऱ्या जायरोतल्या त्रुटीचा कालमन फिल्टरने काढलेला अंदाज ताशी 21.7 अंशांवर अडकून राहिला. उपग्रह स्थिर होता, पण संगणकाच्या लेखी तो फिरत होता. ते न झालेलं फिरणं थांबवायला रिॲक्शन व्हीलनी (स्वतः फिरून उपग्रहाला वळवणारी आतली चाकं) त्याला उलट दिशेने खरंच फिरवलं. पुढे सुरक्षित अवस्थेत थ्रस्टर (छोटी रॉकेट इंजिनं) पेटले, पण त्यांचे नव्याने चढवलेले पॅरामीटर चुकीचे होते आणि ते नीट तपासलेले नव्हते. फिरणं आणखी वाढलं आणि सौरपट्ट्यांसह काही भाग तुटून गेले. यात फिल्टरची रचना कंट्रोलवाल्यांची, बिघाड ओळखण्याचं लॉजिक सॉफ्टवेअरवाल्यांचं आणि चढवलेले आकडे तपासण्याची जबाबदारी दोघांची. संशोधनाचे चांगले विषय नेमके या सीमेवर आहेत.

आता काम. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक नमुना घे: 30 × 10 × 10 सेंटिमीटरचा, 4 किलोचा थ्री-यू क्यूबसॅट (10 सेंटिमीटरच्या तीन घनांएवढा छोटा उपग्रह), 500 किलोमीटर उंचीवर, रॉकेटमधून सुटताना सेकंदाला 10 अंश गडगडतोय. चुंबकीय कॉइल वापरून त्याला शांत करायचं. या पद्धतीला बी-डॉट म्हणतात: मॅग्नेटोमीटरने मोजलेलं क्षेत्र ज्या वेगाने बदलतं, त्याच्या उलट दिशेचा चुंबकीय आघूर्ण कॉइलमधून निर्माण करायचा.

आधी कंट्रोलर लिहू नकोस. नुसत्या दृढ (न वाकणाऱ्या) वस्तूच्या परिवलनाची समीकरणं ऑक्टेव्हमध्ये किंवा पायथनमध्ये सोडव आणि बाहेरचा टॉर्क (फिरवणारा जोर) शून्य ठेवून कोनीय संवेग कायम राहतो का ते पाहा. तो हळूहळू सरकत असेल तर इंटिग्रेटरची पायरी मोठी आहे किंवा समीकरणात चिन्ह चुकलं आहे. हे जुळल्यावरच कक्षा आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं आयजीआरएफ मॉडेल जोड, मग सेन्सरचा गोंगाट, आणि बी-डॉट सगळ्यात शेवटी.

उत्तराचा अंदाज कागदावर आधीच काढून ठेव. कॉइलची क्षमता 0.2 अँपिअर-चौरस मीटर आणि क्षेत्र 30 मायक्रोटेस्ला धरलं तर टॉर्क मिळतो जेमतेम 6 मायक्रोन्यूटन-मीटर. आडव्या अक्षाभोवतीचं जडत्व (फिरण्याला होणारा विरोध) साधारण 0.033 किलो-चौरस मीटर येतं. पूर्ण टॉर्क सतत योग्य दिशेने मिळाला, तरी थांबायला 16 मिनिटं लागतील. प्रत्यक्षात तो तसा मिळत नाही, कारण क्षेत्राच्या रेषेच्या दिशेने चुंबकीय टॉर्क निर्माणच होत नाही. म्हणून एक-दोन प्रदक्षिणा जातात, म्हणजे दीड ते तीन तास. तुझ्या आलेखात उपग्रह पाच मिनिटांत थांबला, तर खूश होण्याआधी एककं तपास. शेवटी गतीही शून्य होत नाही. कक्षा ध्रुवीय असेल तर ती प्रदक्षिणेच्या गतीच्या दुपटीच्या आसपास, सेकंदाला 0.13 अंशाजवळ रेंगाळते. ती नेमकी शून्यावर आली तर मॉडेलमधलं क्षेत्र फिरायचं राहून गेलं आहे.

सिम्युलेशन नीट चालायला लागलं की तोच कोड सीमध्ये लिहून एसटीएम32 या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डवर चढव. उपग्रह लॅपटॉपवर, कंट्रोलर बोर्डवर, मध्ये सिरियल केबल. खऱ्या अडचणी इथेच भेटतात. कॉइल चालू असताना मॅग्नेटोमीटर वाचला तर पृथ्वीऐवजी कॉइलचंच क्षेत्र मोजलं जातं. म्हणून कॉइल बंद करायची, प्रवाह ओसरू द्यायचा, वाचन घ्यायचं आणि मग पुन्हा चालू करायची. कॉइलच्या दोन वायर उलट जोडल्या गेल्या तर कंट्रोलर उपग्रहाला थांबवण्याऐवजी आणखी फिरवतो. क्वाटर्नियनचा अदिश घटक काही लायब्ररींमध्ये पहिला असतो, काहींत शेवटचा. दोन्ही मिसळल्या तर एररही येत नाही आणि उत्तरही बरोबर येत नाही.

एक चूक जवळून दाखवतो. एसटीएम32 एफ4 च्या हार्डवेअरला फक्त 32 बिटांचा फ्लोट (दशांश आकडा) झेपतो, म्हणून मुलं सगळंच फ्लोटमध्ये लिहितात, वेळसुद्धा. 1 जानेवारी 2000 पासूनचे सेकंद आज 80 कोटींच्या वर गेले आहेत. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ 32 बिटांच्या फ्लोटची एक पायरी 64 सेकंदांची असते. म्हणजे घड्याळ 64 सेकंद थांबतं आणि मग एकदम उडी मारतं. तेवढ्या वेळात उपग्रह सुमारे 490 किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि मॉडेलचं चुंबकीय क्षेत्र भलत्याच जागेचं येतं. वेळ 64 बिटांच्या पूर्णांकात ठेवली की प्रश्न मिटतो. लॅपटॉपवर 64 बिटांचा डबल वापरत असल्यामुळे ही चूक तिथे कधीच दिसत नाही.

सुरुवातीच्या गती आणि दिशा बदलून तेच सिम्युलेशन किमान 500 वेळा चालव. त्यातल्या ज्या फेऱ्या फसतील, त्या का फसल्या हे रिपोर्टमध्ये लिही. मुलाखतीत आणि पीएचडीच्या अर्जात हीच पानं वाचली जातात. यशस्वी फेऱ्यांचा सुबक आलेख सगळ्यांकडेच असतो.

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा स्वयम् 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 वरून गेला, तोही पाहा. सुमारे एक किलोच्या त्या उपग्रहात सक्रिय कंट्रोलर ठेवलाच नव्हता; कायमचुंबक आणि हिस्टेरिसिसच्या (फिरण्याची ऊर्जा जिरवणाऱ्या) कांड्या एवढ्यावर त्याचं स्थिरीकरण बेतलं होतं. गरज असेल तेवढंच नियंत्रण वापरायचं, हा निर्णयही डिझाइनचाच भाग आहे.

शिक्षणाच्या वाटा. एमटेकच्या प्रवेशाची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे येत्या फेब्रुवारीची संधी सोडू नकोस. आयआयटी मुंबईचं सिस्टिम्स अँड कंट्रोलचं केंद्र, तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीमधलं कंट्रोल सिस्टिम्सचं एमटेक, बंगळुरूच्या आयआयएससीचा एरोस्पेस विभाग, हे माझ्या पसंतीचे. कोणता पेपर कुठे चालतो ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. एमटेकला गेटवर दरमहा 12,400 रुपये मिळतात, पीएचडीला जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) 37,000. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाकडे सध्या कोणता प्रकल्प चालू आहे, याला जास्त महत्त्व दे.

इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनिअर ‘एससी’ (ही पदाची श्रेणी, आरक्षण नव्हे) पदाला इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर चालतात. 65 टक्के किंवा 6.84 सीजीपीए लागतो, तो तुझ्याकडे आहे. पण निवडीनंतर कोणतं केंद्र आणि कोणतं काम मिळेल, हे तुझ्या हातात नसतं. जायरो आणि रिॲक्शन व्हीलचं काम तिरुवनंतपुरमच्या इनर्शियल सिस्टिम्स युनिटमध्ये होतं, स्टार सेन्सरचं बंगळुरूच्या लिऑस या प्रकाशीय उपकरणांच्या प्रयोगशाळेत. इस्रोच्या रिस्पॉन्ड या संशोधन-निधीच्या योजनेतले प्रकल्प विद्यापीठांत चालतात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इस्रोचा कक्षही आहे. तिथे प्रोजेक्ट फेलोच्या जागा निघतात का, यावर लक्ष ठेव. पिक्सेल, ध्रुव स्पेस, दिगंतरा अशा खासगी कंपन्या बीटेकवाल्यांनाही घेतात, आणि तिथे चालणारा कोड दाखवता येणं फार उपयोगी पडतं. परदेशी जायचं असेल तर युरोपकडे पाहा. अमेरिकेत निर्यात-नियंत्रण कायद्यामुळे अशा बहुतेक नोकऱ्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतात.

बाबांचं म्हणणं झटकून टाकू नकोस, घरखर्चाचा प्रश्न खरा असतो. फक्त कॅम्पसला येणाऱ्या सगळ्या नोकऱ्या सारख्या नाहीत, हे त्यांना समजावून सांग. पुण्यातल्या वाहन-इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांमध्ये सिम्युलिंक या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरवरून कोड तयार करणं, हार्डवेअर-इन-द-लूप चाचणी (वर सांगितलेली बोर्ड आणि लॅपटॉपची जोडणी), सुरक्षित सी कोडसाठीचे मिस्रा-सीचे नियम हे रोजचं काम आहे, आणि ते उपग्रहाच्या सॉफ्टवेअरच्या फार जवळचं आहे. अशी नोकरी मिळाली तर दोन वर्षं बिनधास्त कर; अंतिम वर्षात दिलेल्या गेटचे गुण तोवर चालू राहतील, तिसऱ्या वर्षाचे मात्र पुरणार नाहीत. बिलिंग किंवा सपोर्टच्या प्रोजेक्टवर मात्र दोन वर्षं गेली, तर गणित सुटतं आणि परत यायला जड जातं. दुसरा पर्यायच नसेल, तर ती नोकरी घेतानाच एमटेकचं वर्ष घरात बोलून ठरवून टाक.