२०२१च्या फेब्रुवारीत अमरावतीत कोरोना अचानक का वाढला आणि लोकांचा प्रतिसाद कसा होता?

कारण एकच नव्हते. जानेवारीतील ग्रामपंचायत निवडणुका, लग्नसमारंभ आणि ‘कोरोना गेला’ ही समजूत यांमुळे गर्दी वाढली, मास्क हनुवटीवर उतरले. शिवाय महाराष्ट्रातील नमुन्यांत विषाणूचे ई४८४क्यू व एल४५२आर हे संसर्ग वाढवू शकणारे जनुकीय बदल (म्युटेशन) आढळल्याचे केंद्राने मार्चमध्ये जाहीर केले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत आठवड्याची टाळेबंदी लागली आणि ती ८ मार्चपर्यंत वाढवण्यात आली. लोक बेफिकीर होते, असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्याचे हातावर पोट आहे, ज्याची हातगाडी दाराशी उलटी टेकवलेली आहे आणि घरात दोन दिवसांचेच पीठ उरले आहे, त्याच्यासाठी घरी थांबणे हाच मोठा त्याग होता.