रोज ज्येष्ठमध चघळला तर चालतो का?

घसा सारखा बसतो म्हणून तुम्ही रोज ज्येष्ठमधाची कांडी चघळता आणि त्याने काही अपाय होतो का, असं विचारलंय. घसा धरलाय तेवढे चार-सहा दिवस खुशाल चघळा. अडचण आहे ती ‘रोज’ या शब्दात.

मी शिकवतो, त्यामुळे बसलेला घसा माझ्या पाचवीलाच पुजलेला. खिशात कायम कांडी असायची. दोनेक महिन्यांनी संध्याकाळी पाय सुजायला लागले, मोज्यांचे वळ उठायचे. रक्तदाब कधी नव्हे तो वाढलेला. डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मी म्हटलं, काहीच नाही. कांडीला औषध म्हणायचं, हे डोक्यातच नव्हतं! ती बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत सगळं ताळ्यावर आलं.

गोम अशी की ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसरायझिनच हा घोळ घालतं. शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाने (हार्मोनने) मूत्रपिंडात लुडबुड करू नये म्हणून तिथलं एक एन्झाइम त्याला निष्क्रिय करत असतं. ग्लिसरायझिनपासून पोटात तयार होणारं आम्ल त्या एन्झाइमलाच अडवतं. मग मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. सूज, वाढलेला रक्तदाब, स्नायूंचा अशक्तपणा, क्वचित हृदयाचे ठोके बिघडणं, हे सगळं त्यातून येतं.

हे काही आजचं नाही. नेदरलँड्सचे डॉक्टर रेव्हर्स यांनी १९४०च्या दशकात पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क वापरला. अल्सरला उतार पडला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. पुढे त्यापासून कार्बेनॉक्सोलोन नावाचं औषध निघालं. तेही याच दुष्परिणामांमुळे मागे पडलं.

युरोपातल्या तज्ज्ञांनी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन ही मर्यादा सांगितली आहे. पण हातातल्या कांडीत ते किती आहे, हे चघळून कसं कळणार? उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध किंवा स्टिरॉइड चालू, यातलं काहीही असेल तर थोडासुद्धा स्वतःच्या मनाने घेऊ नका. पोटातल्या जळजळीसाठी घेणाऱ्यांना ग्लिसरायझिन काढून टाकलेला ‘डीजीएल’ प्रकार मिळतो, तो त्यातल्या त्यात बरा.

घशासाठी मात्र गिळायची गरजच नाही. शस्त्रक्रियेआधी, घशात नळी घालण्यापूर्वी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर नंतर घसा कमी दुखतो, हे चाचण्यांत दिसलंय. मीही आता पूड कोमट पाण्यात ढवळून गुळण्या करतो आणि थुंकून टाकतो. घसा दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर मात्र गुळण्यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.