पशुवैद्यकाचा सल्ला : गाईची लघवी कॉफीसारखी का झाली?

प्रश्न : आमची जर्सी संकरित गाय तिसऱ्यांदा विऊन पंचवीस दिवस झाले. कालपासून तिची लघवी काळ्या कॉफीसारखी होते, दूध निम्म्यावर आले आहे आणि ती चारा नुसता हुंगून सोडते. अंगावर गोचिडी आहेत. शेजारी म्हणतात, उन्हाळी लागली, कोकमाचे पाणी पाजा. पाजावे का?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : पाजू नये, आणि उद्याची वाटही पाहू नये. अशक्त जनावराचे तोंड वर धरून काही पाजले, तर ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. आजच डॉक्टरांना गोठ्यावर बोलवावे. अंगातले रक्त उतरलेल्या गाईला चालवत किंवा टेम्पोत घालून नेणे तिच्या जिवावर बेतू शकते.

लघवी काचेच्या पेल्यात घेऊन काही तास स्थिर ठेवावी. तळाशी लाल गाळ बसून वरचे पाणी निवळले, तर मूत्रमार्गातून रक्त येत आहे. सारा पेला एकसारखा तांबूस-काळा राहिला, तर तांबड्या पेशी शरीरातच फुटत आहेत. आपल्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते, आणि तिची मुख्य कारणे दोन आहेत. गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिया रोगात ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, तर विल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फॉस्फरसच्या कमतरतेने होणाऱ्या आजारात ताप सहसा नसतो. म्हणून डॉक्टर येईपर्यंत गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप लिहून ठेवावा. मात्र बबेसियातही गाय फार खालावली, की ताप उतरतो, हे विसरू नये.

नेमके निदान कानाच्या शिरेतील रक्ताच्या काचपट्टीवर होते, आणि ती इंजेक्शनापूर्वीच घ्यावी, असा माझा आग्रह आहे. बबेसिया आढळल्यास डिमिनाझीन वजनाच्या प्रमाणात स्नायूत खोलवर देतात. फॉस्फरस कमी असल्यास सोडियम अॅसिड फॉस्फेट शिरेतून द्यावे लागते. एकाचे औषध दुसऱ्या आजारात निरुपयोगी ठरते. पापण्यांच्या आतील भाग पांढराफटक झाला असेल, तर निरोगी गाईचे रक्त चढवण्याचाही विचार डॉक्टर करतील. इंजेक्शनानंतर दूध किती दिवस विकू नये, हे त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे.

लेप्टोस्पायरोसिसमध्येही लघवी लाल होऊ शकते, आणि तो रोग पायाच्या भेगांतून माणसाला होतो. म्हणून निदान होईपर्यंत गोठ्यात गमबूट व हातमोजे घालूनच वावरावे आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

गोचिडीची मादी गाईच्या अंगावरून गळून भेगांत हजारो अंडी घालते. म्हणून केवळ गाईवर औषध फवारून भागणार नाही. चिऱ्यांच्या भिंतींतील फटी सिमेंटने बुजवाव्यात आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या औषधाची फवारणी सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा करावी.