शेजारच्या घरातली मारहाण : मी तक्रार केली तर मीच अडकेन का?

प्रश्न : वरच्या मजल्यावरचा माणूस बायकोला मारतो. रडण्याचा, वस्तू आपटल्याचा आवाज मला स्पष्ट येतो. मागच्या आठवड्यात वर जाऊन जाब विचारला, तर 'आमच्या घरच्या भानगडीत पडू नका, अब्रुनुकसानीचा दावा लावीन' असं त्याने सुनावलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात ती खाली बघत म्हणाली, 'मावशी, तुम्ही मध्ये पडू नका.' मी ६३ वर्षांची, एकटी राहते. काय करू?

उत्तर : ताई, आधी तुमच्या भीतीबद्दल बोलते, कारण बहुतेक शेजारी गप्प बसतात ते त्याच भीतीने. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे, हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होऊ शकते असं मानायला कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला (म्हणजे याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवू शकते. नातं लागत नाही. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. बदनामीच्या कलमातही (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे केलेल्या तक्रारीला अपवाद आहे. हीच गोष्ट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर मात्र या संरक्षणावर विसंबता येणार नाही. ते करूच नका.

पोलीस ठाण्यात 'तुम्ही तिच्या कोण?' असं विचारलं, तर खचू नका. सासरच्या छळाचा गुन्हा (न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे जुनं ४९८-अ) दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवावा असा, ठरायला तक्रार साधारणपणे तिची किंवा तिच्या नातेवाइकाची लागते. शेजाऱ्याला संरक्षण अधिकाऱ्याचा रस्ता मोकळा आहे.

आता जिन्यातलं तिचं वाक्य. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही जाब विचारून खाली आलात आणि दार लागलं. त्यानंतर तिच्यावर काय गुदरलं असेल, ते त्या वाक्यात असू शकतं. म्हणून त्याच्याशी पुन्हा वाद नको. आवाज आला तर कुणाला तरी सोबत घ्या, बेल वाजवा आणि 'तुमच्याकडे पाणी येतंय का?' एवढंच विचारा. उंबरठ्याच्या आत जाऊ नका. २००८ मध्ये 'बेल बजाओ' ही मोहीम झाली होती, ती याच साध्या कृतीवर उभी होती. मार थांबायला कधीकधी तेवढा खंड पुरतो. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरायची मुभा कायद्यात आहे, पण तुम्ही त्या वाटेला जावं असं मला मुळीच वाटत नाही. जिवावर बेतेल असं वाटलं, तर बेलही नको, थेट ११२. आणीबाणीत अशी खबर फोनवरून संरक्षण अधिकाऱ्यालाही देता येते, आणि मग त्याने पोलिसांना सोबत घेऊन तिथे जायचं असतं.

एक वही ठेवा. 'रात्री ११.४०, दहा मिनिटं, किंकाळी, मग दार आपटलं' असं त्याच रात्री लिहा, ऐकलं तेवढंच. तुमच्या घरात ऐकू येणारा आवाज फोनवर रेकॉर्ड केलात, तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. खिडकीतून चित्रीकरण नको. पुढे जबाबाची वेळ आलीच, तर स्त्री म्हणून पोलीस त्यासाठी तुम्हाला ठाण्यात यायला भाग पाडू शकत नाहीत, तो तुमच्या घरी येऊन घ्यावा लागतो. त्या जबाबावर सही करायची नसते.

पण तातडीचा प्रसंग नसेल, तर हे सगळं तिच्याशी बोलल्यावर. तो घरी नसताना, दोन मिनिटं, फक्त तिच्याशी. 'सोडून का देत नाहीस?' हे विचारू नका. 'तुला माझ्याकडून काय हवंय?' एवढं विचारा. तिला घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर सांगा, की घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती नांदत असलेल्या घरात राहण्याचा हक्क मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे मान्य केलं आहे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तोंडीच सांगा. चिठ्ठी त्याच्या हाती लागू शकते.

आणि तिच्याशी एक खूण ठरवून ठेवा. तिचा मिस्ड कॉल आला, की तुम्ही तिला उलट फोन करायचा नाही, ११२ ला करायचा. तिची तयारी असेल तर आधार कार्ड, पासबुक आणि दवाखान्याच्या कागदांच्या प्रती तुमच्या कपाटात राहू द्या.