वाचकांचे प्रश्न : नुसते पीडीएफ वाचणाऱ्या संगणकाला सुरक्षा अपडेट कशासाठी?

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात उबुंटू २२.०४ ही कार्यप्रणाली असलेला एक संगणक आहे. त्यावर आम्ही जुन्या, दुर्मीळ पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ फाइली वाचकांना दाखवतो. इंटरनेटची जोडणी क्वचितच असते. बहुतेक फाइली सभासदांच्या पेन ड्राइव्हवरून येतात. मध्यंतरी जोडणी केली तेव्हा ‘पॉप्लर’ नावाच्या कशाचे तरी सुरक्षा अपडेट आले असल्याची सूचना दिसली. आम्ही केवळ पाने उलटतो आणि वाचतो. मग या अपडेटची आम्हाला खरोखर गरज आहे का?
— एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : गरज आहे. किंबहुना कोणाच्याही पेन ड्राइव्हवरून आलेली फाइल आपण उघडता, म्हणून आपल्या वाचनालयाला ती अधिक आहे.

पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्र, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती सूचनांची एक लांबलचक यादी असते : अमुक ठिकाणी अमुक अक्षर काढ, हे चित्र अमुक पद्धतीने दाबून ठेवले आहे ते उलगड, हा फॉन्ट फाइलीतच आहे तो वापर. या सूचना वाचून पान उभे करण्याचे काम उबुंटूमधला ‘एव्हिन्स’ हा दर्शक स्वतः करत नाही. तो ते ‘पॉप्लर’ या सामायिक लायब्ररीकडून, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा तयार संहितेकडून, करून घेतो. लिनक्सच्या ‘केडीई’ या दुसऱ्या कार्यपटलावरचा ‘ऑक्युलर’ हा दर्शकही तेच करतो. पॉप्लरचा उगम २००५ साली ‘एक्सपीडीएफ’ या त्याहून जुन्या प्रोग्रामच्या ३.० या आवृत्तीतून झाला. हा प्रोग्राम सी++ भाषेत लिहिलेला आहे आणि त्या भाषेत संगणकाच्या स्मृतीचा (मेमरीचा) हिशेब मुख्यतः लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागतो. अनोळखी माणसाने तयार केलेल्या फाइलीतल्या आकड्यावर विश्वास ठेवून हा हिशेब एकदा जरी चुकला, तरी फाइल वाचणारा प्रोग्राम फाइलीच्या ताब्यात जाऊ शकतो.

आपल्या स्कॅन केलेल्या पुस्तकांशी थेट संबंध असलेले उदाहरण पाहू. काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठी पीडीएफमध्ये ‘जेबिग२’ नावाची पद्धत अनेकदा वापरतात. तिच्यात एकाच अक्षराची आकृती एकदाच साठवली जाते आणि पानावर ती जिथे जिथे येते त्या जागा नोंदवल्या जातात. त्यामुळे चारशे पानांचे पुस्तक थोड्या जागेत मावते. ही आकृत्यांची मोजदाद ज्या ३२ बिटांच्या खान्यात होते, त्यात ४,२९,४९,६७,२९५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. बेरीज त्यापुढे गेली, तर जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा जसा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तशी ती गुंडाळली जाऊन अगदी लहान होते. प्रोग्राम त्या लहान संख्येपुरती जागा राखून ठेवतो आणि तिच्यात फाइलीने सांगितलेला सगळा माल ओतू लागतो. जागेबाहेर सांडलेला माल शेजारच्या स्मृतीवर लिहिला जातो. तिथे काय लिहायचे ते फाइल बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

ही काही कागदावरची शक्यता नाही. २०२१ साली टोरंटो विद्यापीठातील ‘सिटिझन लॅब’ने एका सौदी कार्यकर्त्याच्या आयफोनवर ‘पेगॅसस’ या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने केलेला हल्ला शोधून काढला. संदेशातून आलेल्या फाइलींचे नाव जीआयएफ चित्राचे होते, परंतु काहींच्या आत पीडीएफ होते आणि त्यात नेमकी हीच जेबिग२ची चूक वापरली होती. वापरणाऱ्याने काहीही न दाबता हल्ला पूर्ण होत होता. ॲपलने १३ सप्टेंबर २०२१ रोजी आयओएस १४.८ प्रसिद्ध करून ही त्रुटी बुजवली. पुढे गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ गटाने केलेल्या विश्लेषणात आढळले, की हल्लेखोरांनी सत्तर हजारांहून अधिक जेबिग२ आदेश एकापुढे एक रचून त्यांतून एक लहानसा संगणकच उभा केला होता. पान दाखवण्यासाठीच्या सूचनांतून इतके काही घडवता येते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आता आपल्या अपडेटकडे येतो. ॲपलचा जेबिग२ भाग मुळात एक्सपीडीएफमधूनच घेतलेला होता. आयफोन दुरुस्त झाला, तरी त्याच कुळातले इतर प्रोग्राम आपोआप दुरुस्त झाले नाहीत. एक्सपीडीएफमध्ये आणि पॉप्लरमध्ये तशीच चूक शिल्लक होती. ती २०२२ साली बुजवली गेली. पॉप्लरमधल्या त्रुटीची सार्वजनिक नोंद सीव्हीई-२०२२-३८७८४ या क्रमांकाने आहे. दुरुस्ती जाहीर होते त्या दिवशी चूक कुठे आहे तेही सर्वांना कळते, हल्लेखोरांनासुद्धा. त्यामुळे त्या दिवसानंतर अपडेट न केलेला संगणक आधीपेक्षा अधिक उघडा पडतो. आपल्या संगणकावर पेगॅसससारखा हल्ला होईल असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु ज्या दाराची किल्ली जगजाहीर झाली आहे ते दार उघडे ठेवण्यास काहीही कारण नाही. महिन्यातून एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडून ‘सॉफ्टवेअर अपडेटर’ चालवला, तरी हे काम होते.

प्रश्न : अनोळखी फाइल न उघडता केवळ फोल्डरमध्ये पाहिली, तर धोका नसतो ना?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दुर्दैवाने असतो. फोल्डर उघडल्याबरोबर फाइलींची लहान चित्रे दिसतात. ती काढण्यासाठी संगणकाने प्रत्येक फाइल पार्श्वभूमीवर वाचलेली असते. २०११ साली जॉन लॅरिमर यांनी ‘श्मूकॉन’ परिषदेत दाखवले, की डीव्हीआय या दस्तऐवज-प्रकारची घातक फाइल असलेला पेन ड्राइव्ह उबुंटूच्या संगणकाला नुसता जोडला, तर एव्हिन्सचा लघुचित्रे काढणारा भाग ती फाइल वाचतो आणि त्याच्या फॉन्टविषयक त्रुटीचा फायदा घेता येतो. प्रात्यक्षिकात संगणकाचा पडदा कुलूपबंद होता. त्या त्रुटींवरचे अपडेट त्याच महिन्यात उपलब्ध झाले होते. पुढे २०१७ मध्ये ‘ग्नोम’ या, उबुंटूचे कार्यपटल बनवणाऱ्या प्रकल्पाने लघुचित्रे काढण्याचे काम बंदिस्त कक्षात करण्याची व्यवस्था केली. ही व्यवस्था चांगली आहे, पण ती दुरुस्तीची जागा घेत नाही.

प्रश्न : आपल्या मागील उत्तरातील सल्ल्याप्रमाणे मी उबुंटू २२.०४ वर सर्व अपडेट बसवली. तरीही पॉप्लरची आवृत्ती २२.०२.० अशीच दिसते. मूळ प्रकल्पाने जेबिग२ची चूक २२.०९.० मध्ये दुरुस्त केल्याचे मी वाचले. म्हणजे माझा संगणक अजून असुरक्षित आहे का?
— एक अभियंता, नाशिक

उत्तर : नाही, आणि हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की त्याचे सविस्तर निरसन व्हायला हवे. २२.०४ सारख्या दीर्घकाळ पाठिंबा असलेल्या आवृत्तीत उबुंटूचा सुरक्षा गट सहसा नवा पॉप्लर आणून बसवत नाही, कारण नव्या आवृत्तीबरोबर इतर पन्नास बदल येतात आणि तिच्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम बिघडू शकतात. त्याऐवजी २२.०९.० मधला फक्त त्या चुकीपुरता बदल उचलून जुन्या २२.०२.० वर बसवला जातो. म्हणून आपण सुरुवातीचा आकडा न पाहता शेपूट, म्हणजे आडव्या रेघेनंतरचा भाग, पाहावे. २२.०४ साठी ही दुरुस्ती प्रथम ‘२२.०२.०-२उबुंटू०.१’ या पॅकेजमध्ये आली. आपल्याकडे तेवढे किंवा त्यापुढचे शेपूट असेल, तर ती चूक बुजली आहे. अपडेट येईल तेव्हा ‘सॉफ्टवेअर अपडेटर’मधील तांत्रिक वर्णनात बदलांची नोंद दिसते आणि तिच्यात सीव्हीई क्रमांकही दिलेला असतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून करावी. अपडेट बसवताना एखादे पीडीएफ उघडे असेल, तर ते बंद होईपर्यंत स्मृतीतली जुनी लायब्ररीच काम करत राहते. सगळ्या खिडक्या बंद कराव्यात; शक्य असल्यास संगणक एकदा पुन्हा सुरू करावा. तसेच फायरफॉक्समध्ये उघडलेले पीडीएफ पॉप्लरकडे जातच नाही. त्याचा वाचक वेगळा आहे आणि त्यातली फॉन्ट हाताळण्याची एक गंभीर त्रुटी मे २०२४ मध्ये फायरफॉक्स १२६ ने बुजवली. ‘स्नॅप’ किंवा ‘फ्लॅटपॅक’ या स्वतंत्र पॅकेज-प्रकारांतून घेतलेले दर्शक बहुधा लायब्ररीची स्वतःची प्रत बाळगतात, म्हणून त्यांची अपडेट स्वतंत्रपणे पाहावी लागतात.

प्रश्न : अपडेटमुळे चालू असलेले काही बंद पडेल, या भीतीने आमच्या कार्यालयात ती टाळली जातात. ही भीती निराधार आहे का?
— एक लिपिक, पणजी

उत्तर : सर्वस्वी निराधार नाही. २०१७ मध्ये एव्हिन्समध्ये सीव्हीई-२०१७-१००००८३ ही त्रुटी आढळली. चित्रकथांच्या टार प्रकारच्या (अनेक पाने एकत्र बांधलेल्या) फाइली उघडताना एव्हिन्स आतल्या पानांची नावे जशीच्या तशी ‘टार’ या आज्ञेकडे पाठवत असे. एखाद्या पानाचे नाव दोन आडव्या रेघांनी सुरू होत असेल, तर टार ते नाव न मानता हुकूम मानत असे आणि त्या हुकुमातून संगणकावर कोणतीही आज्ञा चालवता येत असे. त्यावर केलेला उपाय म्हणजे टार प्रकारच्या चित्रकथा उघडण्याची सोयच काढून टाकणे. ज्यांच्याकडे अशा फाइली होत्या त्यांची गैरसोय नक्कीच झाली, तरीही तो निर्णय योग्य होता असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या कार्यालयात एका संगणकावर अपडेट आधी बसवून, नेहमीचे अर्ज आणि दाखले उघडून छापून पाहावेत, आणि दोन दिवसांत अडचण आली नाही तर उरलेल्या संगणकांवर ते बसवावे.